उपचारमार्गाचा मालक कोण?

ऐंशीच्या घरातली एक बाई घरात पडते, खुब्याचं हाड मोडतं आणि तिला रुग्णालयात आणतात, असं धरून चालू. तातडीच्या विभागात तिला वेदनाशामक मिळतं, एक्स-रे निघतो, तासाभरात निदान पक्कं होतं. अस्थिशल्यचिकित्सक येऊन सांगतात, ऑपरेशन करावं लागेल, फिजिशियनकडून फिटनेस घ्या. फिजिशियन ओपीडी आटोपून संध्याकाळी येतात, त्यांना हृदयात बारीकशी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला वेगळा आवाज, ऐकू येते, ते इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून देतात. इको दुसऱ्या दिवशी होतो. बाई रक्त पातळ करणारी गोळी घेतात हे भूलतज्ज्ञांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) यादीत त्यांचं नाव शेवटी लागतं, पहाटेपासून त्यांना उपाशी ठेवलं जातं, आधीचं ऑपरेशन लांबतं आणि संध्याकाळी "उद्या करू" असं सांगून जेवण दिलं जातं. चौथ्या दिवशी ऑपरेशन उत्तम होतं. पण तोवर बाई भ्रमात आहेत, माणसं ओळखत नाहीत, पाठीवर दाबाची जखम धरू लागली आहे आणि लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला आहे.

यात चुकलं कोण? केसपेपरवरची एकेक नोंद तपासली तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. मर्मर ऐकू आल्यावर इको सांगणं गैर नव्हतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची धास्ती घेणंही गैर नव्हतं. ओटीची यादी कुणी मुद्दाम बिघडवली नाही. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं आणि बाईंचं नुकसान झालं. रुग्णाचा वेळ विभागांच्या आत जातो त्याहून जास्त विभागांच्या मधल्या जागेत जातो, आणि त्या जागेला कुणी वाली नसतो.

एकात्मिक उपचारमार्ग, रुग्णालयांच्या रोजच्या बोलीत केअर पाथवे, ही कल्पना या मधल्या जागेसाठी आहे. ठरावीक आजाराचा रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत कोणी काय कितव्या तासाला करायचं, हे सगळ्या शाखांनी एकत्र बसून आधीच ठरवायचं. ते एकाच ठिकाणी लिहायचं. आणि प्रत्यक्षात वेगळं काही घडलं, तर ते का घडलं याची नोंदही तिथेच करायची. या नोंदीला तिथली माणसं व्हेरियन्स म्हणतात.

माझ्या मते व्हेरियन्सची ही नोंद आणि ती वाचून काही बदलू शकणारा माणूस, या दोन गोष्टींत उपचारमार्गाचा जीव आहे. नेमक्या याच दोन गोष्टी अंमलबजावणीच्या धांदलीत गळून पडतात. उरतात ते टिकमार्कांचे रकाने. मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी म्हणतं, पाथवे आणून पाहिले, फरक काही पडला नाही. अशा पाथवेने तो पडणारही नव्हता.

कल्पना वैद्यकातून आलेली नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ या रसायन कंपनीने कारखान्यांच्या बांधणीसाठी आणि अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी, कामांच्या लांबलचक साखळीत कोणतं काम अडलं की बाकी सगळं अडतं हे हुडकण्याच्या पद्धती बसवल्या. १९८०च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये कॅरन झँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत रुग्णाच्या मुक्कामाला लावली. पुढाकार परिचारिकांचा होता, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. विभागांच्या मधल्या जागेत रुग्णासोबत दिवसरात्र थांबणारं माणूस तेच असतं. पण काळही पाहायला हवा. १९८३ साली अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने झालेल्या खर्चाची भरपाई करणं सोडलं आणि आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. मुक्काम लांबला की रुग्णालयाला तोटा. त्यामुळे परिचारिकांना काळजीतले तुटलेले धागे सांधायचे होते, तर व्यवस्थापनाला खाट लवकर रिकामी हवी होती. दोन्ही हेतू एकाच कागदावर आले आणि आजही तिथेच नांदत आहेत. त्यात वावगं काही नाही, कारण विनाकारण लांबलेला मुक्काम रुग्णालाही घातकच असतो. मात्र दोघांत ओढाताण झाली की कोण जिंकतं, हे प्रत्येक रुग्णालयाला विचारत राहावं लागतं.

मग याचा उपयोग होतो का? २०१० साली कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि सुमारे ११ हजार रुग्ण एकत्र तपासले गेले. उपचारमार्ग वापरलेल्या ठिकाणी रुग्णालयातली गुंतागुंत कमी झाली होती आणि नोंदी सुधारल्या होत्या. मृत्यूंत आणि पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. मुक्काम बहुतेक ठिकाणी घटला, पण अभ्यासांचे निकाल एकमेकांपासून इतके वेगळे होते की त्यांची बेरीज करणं योग्य ठरलं नसतं. पक्षाघातासाठीच्या उपचारमार्गांवर आधी झालेला आढावा तर आणखी थंड होता. त्यात रुग्णांचं समाधान कमी असल्याची शंका निघाली होती. उत्साही मंडळी पहिल्या आढाव्यातलं एक वाक्य उचलतात, विरोधक दुसऱ्यातलं. मला यातला विखुरलेपणाच महत्त्वाचा वाटतो. एकाच नावाखाली एका ठिकाणी खरंच काम बदलतं आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त छपाई होते. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांत विरघळून जातात.

काम बदलतं म्हणजे काय होतं, हे हेलसिंकीत दिसतं. पक्षाघातात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितका मेंदू जास्त वाचतो. हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९८ साली रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत साधारण १०५ मिनिटं जात. २०११ साली हा वेळ २० मिनिटांवर आला होता. औषध तेच होतं. बदलले ते १२ बारीकसारीक टप्पे, तेही एकेक करून, वर्षानुवर्षं. रुग्णवाहिका निघाली की फोन येऊ लागला. रुग्ण पोहोचण्याआधीच त्याची जुनी कागदपत्रं उघडली जाऊ लागली, घरच्यांना फोन करून लक्षणं कधी सुरू झाली ते विचारलं जाऊ लागलं, तपासण्या आधीच मागवल्या जाऊ लागल्या. सीटी स्कॅनचं यंत्र तातडीच्या विभागाजवळ आणलं. रुग्णाला खाटेवर न नेता रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच सीटीच्या टेबलावर घेऊ लागले. रक्त गोठण्याची तपासणी प्रयोगशाळेत न पाठवता तिथल्या तिथे होऊ लागली. स्कॅनच्या औपचारिक अहवालाची वाट न पाहता पक्षाघाताचे डॉक्टर स्वतः तो वाचू लागले आणि इंजेक्शन सीटीच्याच टेबलावर देऊ लागले.

यातला प्रत्येक टप्पा कुणाच्या ना कुणाच्या हद्दीत पाऊल टाकणारा आहे. रेडिओलॉजीची हद्द, प्रयोगशाळेची हद्द, रुग्णवाहिका सेवेची हद्द, जी बहुधा रुग्णालयाच्या ताब्यातही नसते. अशा हद्दी परिपत्रकाने हलत नाहीत. माणसांना समोरासमोर बसून एकमेकांवर विश्वास टाकावा लागतो, आणि "आमच्याकडे असं चालत नाही" या वाक्यापुढे "का?" असं विचारायची कुणाला तरी मुभा असावी लागते.

हीच पद्धत पुढे मेलबर्नच्या एका रुग्णालयाने उचलली आणि चार महिन्यांत कामाच्या वेळेत येणाऱ्या रुग्णांसाठीचा वेळ २५ मिनिटांवर आणला. हे यश वृत्तांतांमध्ये झळकलं. पण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांच्या बाबतीत फारशी प्रगती झाली नव्हती. आजार घड्याळ पाहून येत नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी उपचारमार्ग लिहिणारी समिती दुपारी बसते आणि दुपारचं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिते. रात्री दोन वाजता वॉर्डात एक परिचारिका, एक थकलेला निवासी डॉक्टर आणि बंद असलेला एक विभाग असतो. "त्वरित संबंधित तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा" या ओळीचा त्या वेळी अर्थ काय? माझा एक साधा आग्रह आहे. कोणताही उपचारमार्ग सुरू करण्याआधी तो रात्रपाळीच्या माणसांना वाचायला द्यावा आणि ते जिथे हसतील ती ओळ खोडावी.

कागद पुरेसा नसतो, याचा याहून स्वच्छ दाखला मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत मिळतो. कोपनहेगनचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीतल्या जुन्या सवयी एकेक करून तपासल्या. आदल्या रात्रीपासून उपास, नाकातली नळी, दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहणं, आतडं हलल्याशिवाय अन्न नाही. यातलं बरंचसं परंपरेने चालत आलेलं होतं, पुराव्याने नव्हे. वेदना नीट आटोक्यात ठेवून, लवकर खायला देऊन, त्याच दिवशी चालवून त्यांच्या गटाने असे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी पाठवून दाखवले, आणि त्यातून पुढे जलद पूर्वपदावर आणणारे उपचारमार्ग जगभर गेले. नंतर पाच युरोपीय केंद्रांनी हाच कार्यक्रम राबवला, त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचना चांगल्या पाळल्या गेल्या होत्या, नंतरच्या त्यामानाने कमी. आणि रुग्ण साधारण तिसऱ्या दिवशी घरी जाण्याजोगे बरे होत होते, प्रत्यक्षात जात होते पाचव्या दिवशी. मधले दोन दिवस कुठे गेले? माझा अंदाज असा की ते राउंडच्या वेळेत, सवयीत, "अजून एक दिवस पाहू" मध्ये, घरी न्यायला येणाऱ्या नातेवाइकाच्या सोयीत आणि डिस्चार्जच्या कागदांत गेले. प्रोटोकॉलमध्ये या गोष्टींना रकाना नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीचंही, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी एकेक करून तपासायच्या गोष्टींच्या यादीचंही तेच. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचा अभ्यास २००९ साली आला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ती शंभरावर रुग्णालयांत लागू केली, जवळजवळ सगळ्यांनी ती पाळत असल्याचं कळवलं, आणि २०१४ साली हिशेब मांडला तर मृत्यूंत म्हणावा असा फरक नव्हता. यादी तीच. पहिल्या ठिकाणी ती राबवायला माणसं गुंतली होती, दुसऱ्या ठिकाणी ती पाळल्याचं कळवायचं होतं.

डॉक्टरांचा नेहमीचा आक्षेप असतो की प्रत्येक रुग्ण वेगळा, त्याला साच्यात कसं घालणार? या आक्षेपाचा अर्धा भाग मला लंगडा वाटतो. सुरुवातीच्या बाईंचं उदाहरण घ्या. तिला इको कधी मिळाला हे तिच्या वेगळेपणावर ठरलं नाही. फिजिशियनची ओपीडी किती वाजता संपली यावर ठरलं. रुग्णालयांत जी विविधता दिसते ती बहुतांशी रुग्णांची नसून आमच्या सोयींची असते. साच्याला नावं ठेवणारे स्वतः एका साच्यातच काम करत असतात, फक्त तो कुणी लिहून काढलेला नसतो.

पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग भक्कम आहे, आणि उपचारमार्गवाले त्याला बगल देतात. उपचारमार्ग एका आजाराचा असतो, रुग्ण मात्र एका आजाराचा नसतो. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक काल्पनिक रुग्ण घेतली: ७९ वर्षांची बाई, रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, हाडांची ठिसूळता आणि फुप्फुसांचा जुनाट विकार. प्रत्येक आजाराची प्रमाणित मार्गदर्शक तत्त्वं इमानेइतबारे पाळली, तर तिला रोज १२ औषधं घ्यावी लागत होती. त्यातली काही एकमेकांशी भांडणारी. पाच चांगले उपचारमार्ग एका शरीरात शिरले की त्यांची बेरीज चांगली होईलच असं नाही.

यावर उत्तर आहे, पण ते आणखी एका पानाचं नाही. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरीपुढच्या ३९७ रुग्णांची विभागणी केली गेली. निम्मे नेहमीप्रमाणे अस्थिरोग वॉर्डात, निम्मे वृद्धरोगतज्ज्ञांच्या वॉर्डात. शस्त्रक्रिया दोघांनाही तीच. वृद्धरोग वॉर्डात मात्र डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी सगळ्या माणसाकडे पाहिलं: औषधं, पोषण, वेदना, भ्रम, पडण्याची भीती, घर. चार महिन्यांनी त्या गटातले रुग्ण चालण्याफिरण्यात पुढे होते. मोडलेलं हाड हे दाखल होण्याचं कारण होतं, काळजीचा विषय सगळं माणूस होतं. इंग्लंडने २०१० पासून अशा रुग्णांसाठी रुग्णालयांना मिळणाऱ्या पैशातला काही भाग ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि वृद्धरोगतज्ज्ञांची संयुक्त काळजी अशा निकषांशी बांधला. इथे एक टीप द्यायला हवी. नुसती घाई ही जादू नाही. १७ देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांवरच्या चाचणीत निदानापासून सहा तासांच्या आसपास शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. भ्रम मात्र कमी झाला आणि रुग्ण लवकर उभे राहिले. घड्याळ मोजायला सोपं असतं म्हणून सगळे घड्याळाकडेच पाहतात.

उपचारमार्ग वाईट रीतीने वापरला तर काय होतं, हे ब्रिटनमध्ये घडून गेलं. लिव्हरपूलमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाने आणि मेरी क्युरी हॉस्पिसने (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेने) मिळून आयुष्याच्या शेवटच्या तासा-दिवसांसाठी एक उपचारमार्ग तयार केला. हेतू उत्तम होता. हॉस्पिसमध्ये मरणाऱ्या माणसाला जी शांतता, वेदनामुक्ती आणि सोबत मिळते ती साध्या वॉर्डातही मिळावी. निरुपयोगी सुया-तपासण्या थांबाव्यात. पद्धत देशभर पसरली. नंतर कुटुंबांच्या तक्रारी येऊ लागल्या: आम्हाला न विचारता आमच्या माणसाला या मार्गावर टाकलं, पाणी मागत असताना दिलं नाही, गुंगीची औषधं वाढवत नेली. सरकारने बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली, २०१३च्या जुलैमध्ये अहवाल आला, आणि पुढच्या वर्षभरात हा उपचारमार्ग बंद करण्यात आला.

उपचारमार्गांच्या ज्या पुरस्कर्त्याने तो अहवाल वाचला नसेल त्याने तो वाचावा, कारण त्यात सरसकट निंदा नाही. नीट वापरला गेला तिथे लोकांना शांत मरण आलं, असं तो स्पष्ट म्हणतो. बिघडलं ते असं. माणूस नक्की मरणपंथाला लागला आहे का, हा वैद्यकातल्या सर्वात अवघड निर्णयांपैकी एक. तो रात्री-अपरात्री, अनुभवी डॉक्टर नसताना घेतला जाऊ लागला. एकदा घेतला की कागद पुढचं पुढचं सांगत गेला. मागे फिरायची वाट कागदावर होती, पण ती धरायला कुणी नव्हतं. नातेवाइकांशी बोलणं हा एक रकाना झाला आणि रकाना भरला की बोलणं झालं असं समजलं जाऊ लागलं. त्यावर कडी म्हणजे या मार्गाच्या वापरासाठी रुग्णालयांना पैशांचं प्रोत्साहन होतं. ते थांबवावं असं अहवालाने सांगितलं. किती जण एका मरणमार्गावर आहेत यासाठी बक्षीस द्यायची कल्पना कुणाच्या तरी बैठकीत शहाणपणाची वाटली असेल, हे अजूनही खरं वाटत नाही. आणि हा मार्ग इतका पसरल्यावर इटलीत त्याची रीतसर यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ साली आला. ठोस फायदा सिद्ध झाला नाही. आधी प्रसार, मग पुरावा, असा उलटा क्रम.

लिव्हरपूलच्या कागदावर प्रत्येक गोष्ट का केली, का टाळली, याची नोंद करायला जागा होती. म्हणजे व्हेरियन्सचा रकाना होता. तो वाचून "अमुक वॉर्डात शनिवारी-रविवारी फार लोक या मार्गावर जात आहेत, काय चाललंय?" असं विचारणारं माणूस मात्र ठिकठिकाणी नव्हतं.

व्हेरियन्सकडे पाहण्याचे दोन डोळे असतात. एक शिस्तीचा: ठरलेलं का पाळलं नाही, खुलासा द्या. दुसरा कुतूहलाचा: ठरलेलं का पाळता आलं नाही, काय दिसतंय यातून? पहिला डोळा असलेल्या रुग्णालयात रकाने फार सुंदर भरलेले असतात. सगळ्यांना पहिल्या दिवशी चालवलेलं असतं, सगळ्यांच्या वेदना दर चार तासांनी मोजलेल्या असतात, तेही एकाच शाईने आणि एकाच बैठकीत. एखाद्या उपचारमार्गात महिनोन्‌महिने व्हेरियन्स शून्य दिसला तर मला आनंदापेक्षा संशय जास्त वाटेल. जिवंत माणसांच्या बाबतीत सगळं ठरल्याप्रमाणे घडत नसतं.

शिस्तीचा डोळा रुग्णालयाबाहेरूनही येतो. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णाला दाखल झाल्यापासून चार तासांत प्रतिजैविक मिळालंच पाहिजे असा दर्जाचा निकष लावला गेला. वैद्यकीय विचार ठीकच होता. पण डॉक्टरांसमोर खोकणारा, धापा टाकणारा माणूस असतो, न्यूमोनिया की हृदयविकार हे अजून कळलेलं नसतं, आणि घड्याळ चालू असतं. निष्कर्ष पक्का होण्याआधीच प्रतिजैविकं सुरू होऊ लागली, न्यूमोनिया नसलेल्यांनाही ती मिळू लागली. शेवटी मुदत सहा तासांची करावी लागली. विचार करायला लागणारा वेळ त्या निकषाच्या हिशेबात कुठेच धरलेला नव्हता.

आता मालकाचा प्रश्न. बहुतेक रुग्णालयांत उपचारमार्ग 'समितीचा' असतो, म्हणजे कुणाचाच नसतो. समिती वर्षातून एकदा आढावा घेते, तारीख बदलते, सह्या होतात. माझ्या मते प्रत्येक उपचारमार्गाला नावानिशी एक सांभाळणारा हवा, आणि शक्यतो ती अनुभवी परिचारिका असावी. तिच्या आठवड्यातला काही वेळ याच कामासाठी मोकळा हवा. ड्युटी संपल्यावर करायचं काम होत नसतं. तिने दर आठवड्याला व्हेरियन्स वाचावेत, त्यातले दोन-तीन निवडावेत आणि संबंधित विभागात जाऊन विचारावं. तिला बदल सुचवायचाच नव्हे तर छोटे बदल करायचा अधिकार हवा. इकोची वेळ बदलायला विभागप्रमुखांच्या तीन बैठका लागत असतील, तर त्या बाईंच्या पाठीवरची जखम बैठकीत बसून बरी होणार नाही. डॉक्टर हा अधिकार परिचारिकेला देतील का? इथेच घोडं पेंड खातं. ज्या रुग्णालयात परिचारिकेने शल्यचिकित्सकाला फोन करून "आज ऑपरेशन का झालं नाही?" विचारणं उद्धटपणा समजला जातो, तिथे उपचारमार्ग छापण्यात कागद वाया घालवू नये.

याला खर्च येतो, हे मान्य करायला हवं. सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आहे, संध्याकाळी उघडा ठेवायचा इको विभाग आहे. फुकटात सुधारणा हवी असणाऱ्या व्यवस्थापनाला कागद आवडतो तो यामुळेच. संगणकाने हे सगळं सोपं होईल अशीही एक आशा असते. काही बाबतींत होतं. तयार ऑर्डरसेट, म्हणजे तपासण्या-औषधांच्या आधीच ठरवलेल्या सूचनांचा संच, एका क्लिकवर देता येतो, उशीर आपोआप मोजला जातो. पण वेगळी वाट धरली की संगणक कारण विचारतो, यादीतून पहिलं कारण निवडलं जातं आणि पुढे जाता येतं. अशी हजारो कारणं साठतात, ज्यांचा अर्थ एवढाच की पहिला पर्याय वर होता.

आणखी एक माणूस या सगळ्यातून वगळलेलं असतं: रुग्ण. उपचारमार्गाची साध्या भाषेतली एक प्रत पहिल्या दिवशी रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात का देऊ नये? आज काय होणार, उद्या काय, कशाची वाट पाहतो आहोत, घरी कधी जाण्याचा अंदाज आहे, घरी काय तयारी लागेल. यावर व्यवस्थापनाची भीती ठरलेली: लोक जाब विचारतील. विचारू देत की. व्हेरियन्स टिपणारा इतका दक्ष नोंदणीदार पगार देऊनही मिळत नाही. शिवाय मुक्काम संपल्यावर जो मार्ग उरतो, घरचा व्यायाम, बदललेली औषधं, पुढची तपासणी, तो चालायचा रुग्णालाच असतो. रुग्णालयाच्या दारात संपणाऱ्या मार्गाला एकात्मिक म्हणायचं धारिष्ट्य आपण करतो खरं.

सरकारं, विमा कंपन्या आणि दर्जा तपासणाऱ्या संस्था आता रुग्णालयांकडे उपचारमार्ग मागू लागल्या आहेत. मागणी रास्त आहे, मागण्याची पद्धत चुकीची. 'तुमच्याकडे किती उपचारमार्ग आहेत?' असं विचारलं की ४० तयार होतात, बहुतेक दुसऱ्या रुग्णालयाचं नाव खोडून. 'किती टक्के पाळले?' असं विचारलं की ९८ टक्के पाळले जातात. ज्यांचा प्रवास बराचसा आधी सांगता येतो आणि जिथे अनेक विभाग एकमेकांवर अवलंबून असतात, असे दोन-तीन आजार निवडून रुग्णालयाने सुरुवात केली तर पुरे. बाकीच्यांची घाई नको. पैसे पाळण्याच्या टक्केवारीशी मुळीच बांधू नयेत. तपासनीसांनी फाइल मागण्याऐवजी वॉर्डात जावं, तेही संध्याकाळनंतर, आणि उपचारमार्ग सांभाळणारी व्यक्ती कोण ते विचारून तिच्याशी बोलावं: गेल्या वर्षभरात या मार्गात कोणते बदल केले, कोणत्या रुग्णांच्या बाबतीत काय दिसलं म्हणून केले, कोणत्या विभागाने विरोध केला, आणि कोणता बदल फसला म्हणून मागे घेतला. उत्तरं तोंडी आणि तपशिलात मिळाली तर त्या रुग्णालयाला मान्यता द्यावी, कागद अर्धवट असला तरी.